दिवाडीच्या नोंदी

बाल्कांवाच्या खांबावर तीन घरनंबर आहेत.
निळ्या फरशीवरचा, पोर्तुगीज वेळचा.
पंचायतीने लाल रंगात फराटलेला.
आणि गेल्या सर्वेक्षणाचा कागद,
ज्याची एक कड उन्हानं सुटली आहे.
पोस्टमन दुमिंग तिन्ही वाचत नाही.
तो विचारतो, पारावाली रोझालिना कुठं राहते?
आणि कोणीतरी हात करतं.

मी नार्वेहून फेरीनं येते,
लॅपटॉप छातीशी, चपला हातात, कारण धक्क्यावर चिखल.
त्यांचं लोणच्याचं दुकान इंटरनेटवर मीच मांडलं.
"बाय, म्हजें दुकान खंय रावता गो?"
सिंगापुरात होतं, म्हटलं. काल मुंबईत आणलं.
त्यांनी बरणीचं झाकण घट्ट केलं.
"म्हाका विचारलें ना कोणें."

मग मी समजावत बसले.
नाव विचारलं की आकडा सांगायचा, ती ए नोंद,
खांबावरच्या नंबरासारखी.
चार ए लागोपाठ असले तर आकडा लांबलचक,
मध्येच अक्षरं, फिरंगी बारशासारखा.
पारावाली म्हणजे सीनेम:
त्याला स्वतःचा पत्ता नसतो,
ते नुसतं दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं.
आणि हे सगळं खरं कोणाला ठाऊक,
ते सांगते एनएस.
"म्हणजे फोंडूचें पोसरें," त्या म्हणाल्या.
हो. फोंडूचं दुकान.
फोंडू सांगेल तेच गावात खरं.

काही दिवस थांबा, मी म्हटलं,
ज्यांनी आधी विचारलंय
त्यांच्याकडे जुना पत्ता राहतो,
शहाऐंशी हजार चारशे सेकंद, म्हणजे एक दिवस,
मग ते विसरतात आणि पुन्हा विचारतात.

"एक दिवस?"
त्या हसल्या नाहीत.
"म्हज्या घोवाचें बिल अजून येता.
सहा वर्सां जालीं."

आतून मसाल्याचा वास आला.
व्हिनेगर, सुकी मिरची, बांगडा.
मी स्क्रीनकडे पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी फोन.
ऑर्डरी येत नाहीत, ईमेलच येत नाही.
उघडून पाहिलं:
नवीन ठिकाणी ए होती, सीनेम होती,
दारावरच्या चिठ्ठीसारखी टीएक्सटीही होती,
माझ्या नावानं एवढेच पत्र पाठवतात, बाकी तोतये.
एमएक्स नव्हती.
पत्रं कोणाच्या हातात द्यायची
तेवढंच लिहायला मी विसरले होते.
घर उभं, दिवे लागलेले,
आणि घ्यायला कोणी नाही.

लिहिलं. दहा, मग वीस.
लहान आकड्याचा मान पहिला,
पहिलं दार उघडलं नाही तर दुसरं.
हात थरथरत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण पाठवणारा सर्व्हर फार चिवट असतो.
दार लागलेलं दिसलं तर तो पत्र फाडत नाही.
थोड्या वेळानं येतो, मग आणखी उशिरा,
तीन दिवस, चार दिवस,
दुमिंग आजारी असताना
त्याचा पोरगा हिंडायचा तसा.

दुपारी साडेचारला एकदम सव्वीस पत्रं आली.
चोवीस बाटल्यांच्या, एक विम्याचं.
एक स्विंडनहून, मुलीचं, शनिवारचं:
मांय, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर
गावचा पत्ता लिहायचाय.
घराचा नंबर तोच ना?

रोझालिनाबाई उठून खांबापाशी गेल्या.
निळ्या फरशीवरून बोट फिरवलं,
लाल रंगावर थांबलं,
सुटलेली कड दाबून धरली.
मग म्हणाल्या, बरय, लिही.
मी बोटं कळांवर ठेवून थांबले.
कुठला नंबर?

शेवटची फेरी भोंगा देत होती.
"लिही," त्या म्हणाल्या,
"दुमिंगाक विचार."